पापडीतलं लिस्बन

—नाही गं, बंद नाही पडलेलं. सेल नवा आहे, गेल्याच महिन्यात घातलाय. सव्वाबारा दाखवतंय ना, ते बरोबरच आहे — म्हणजे इथले पावणेपाच आणि — जाऊ दे, ते मागाहून सांगतो. तू बस आधी. चंदनसारहून पापडीला यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, ठाऊक आहे मला. पाणी घे. घे ना, लाजतेस कशाला. तर तू विनिता, आणि तुला एमिली टीचरने पाठवलं. माझ्याकडे. नाव माझंच सांगितलं ना पण तिने, कॉन्रॅड परेरा? नाही, विचारतो आपलं. पापडीत तीन कॉन्रॅड आहेत, एक तर आमच्याच आळीत. बरं. आणि काय म्हणाली ती? पुन्हा सांग जरा. "सरांनी तिकडे माझ्यासाठी खूप धावपळ केली." असं म्हणाली? धावपळ — हाच शब्द? हसत होती का सांगताना? नाही? साधंच सांगितलं. बरं.

धावपळ म्हणजे — केली असेल थोडी. आपल्या गावचं माणूस परमुलखात आलं म्हणजे करतोच आपण. पण तिकडच्या इंग्रजी शिकवायच्या सेंटरला तेव्हा दुसरा माणूस नको होता, त्याला मी काय करणार? नशीब एकेकाचं. तू फाइल दे, बघू. बीए इंग्लिश, बीएड, हे एकशेवीस तासांच्या कोर्सचं सर्टिफिकेट, हे एमिली टीचरचं पत्र — अक्षर तेच आहे अजून, वेलांटी वर चढवायची सवय काही गेली नाही — फोटोसुद्धा चांगला आलाय. सगळं आहे गं तुझ्याकडे. मी गेलो तेव्हा माझ्याकडे यातला एकसुद्धा कागद नव्हता. खरंच सांगतो. फोर्टात एका शिपिंग कंपनीत सोळा वर्षं कारकुनी केली, कंपनीला टाळं लागलं, चाळिशीतला माणूस घरी बसला. बायको — जॉयस माझी बायको, दवाखान्यात आहे कामाला, येईल सातला — ती बिचारी काही बोलायची नाही, पण न बोलणारी बायको जास्त ऐकू येते, तुला कळेल पुढे. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, व्हिएतनामला जा, तिकडे इंग्रजी शिकवायला परदेशी माणूस हातोहात घेतात, गल्लीगल्लीत सेंटरं आहेत, फक्त दार ठोठावायचं. मी शिकवणार इंग्रजी? माझं इंग्रजी सगळं पत्रातलं, विथ रेफरन्स टू युवर लेटर. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ते एमिलीने घातलं माझ्यात. एमिली टीचरने.

तिचं घर दाखवतो ये, या खिडकीतून दिसतं — नको, खिडकी नको उघडू, मग बंद करताना अडकते. आमची वाडी आणि त्यांची वाडी, मध्ये फक्त बावखल, पाणी आटलं की चालत जायचो. दोन महिने रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर. ती तेव्हा अकरा वर्षं जुनी टीचर, शाळेत नाव होतं तिचं, आणि मला शिकवलं पहिलीतल्या पोरासारखं. पोरांपुढे उभं कसं राहायचं, एक शब्द दहा वेळा कसा म्हणायचा की पोरांना वाटावं दहा वेगळे खेळ चाललेत, चुकलेल्या पोराकडे बघायचं कसं. तिची आई मध्येच येऊन चहा ठेवायची, म्हणायची, मास्तर, बिस्कीट बुडवायला बंदी नाही. जायच्या आदल्या दिवशी एमिलीने मला ही चित्रं दिली. ही बघ, ड्रॉवरमध्येच असतात. सव्वीस कार्डं, सगळी हाताने काढलेली. बी म्हणजे बोट — ही बोट बघ, अर्नाळ्याची आहे, बावट्यांसकट. तिकडच्या पोरांना ही बोट फार आवडते. तिथल्या सेंटरच्या मॅडमने एकदा विचारलं, हे कुठलं बंदर? मी म्हणालो, आमच्या घराजवळचं. त्या बाईशी मी जे काय खरं बोललो असेन, त्यात हे एक.

नाही, तसं नाही. म्हणजे — आता बोललोच आहे तर ऐक, तुझ्या उपयोगाचं आहे. तुलाही तेच सोसायचंय. हायफाँग नावाचं शहर, आठ सेंटरं फिरलो मी. बोलणं चांगलं व्हायचं, चहा यायचा, आणि पासपोर्ट काढला की चेहरे बदलायचे. इंडियन? सॉरी, पालकांना नेटिव्ह पाहिजे. नेटिव्ह म्हणजे काय, तर गोरा. मग तो रशियाचा असो, त्याला धड हाऊ आर यू येत नसो. नवव्या ठिकाणी ही मॅडम लान भेटली. तिचं स्वतःचं घर, वरच्या दोन मजल्यांवर वर्ग, तिने पासपोर्ट मागितलाच नाही. अर्जावर आडनाव वाचलं आणि खूश होऊन विचारलं, परेरा — पोर्तुगाल? आता आपल्या वसईत परेरा, डिमेलो, लोपीस दगड मारशील तिथे सापडतील. माझ्या कुठल्या खापरपणजोबाच्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा ज्याचं आडनाव जवळ होतं ते चिकटलं, एवढंच आमचं नि पोर्तुगालचं नातं. घरी आम्ही बोलतो आमची बोली, खातो भात आणि बोंबील. पण माझे पाय दुखत होते गं, आठ ठिकाणं झाली होती, आणि मी जरा उजळ आहे — मी म्हणालो, येस. तिने विचारलं, लिस्बन? म्हटलं, येस. झालं. आठवड्यात खाली दाराशी माझा फोटो लागला, हा एवढा, मागे हिरवा-तांबडा झेंडा.

आता कळलं ना घड्याळ? कोविडमध्ये परत आलो तर मॅडम समजली मी लिस्बनला गेलो. वर्ग ऑनलाइन सुरू झाले, ते अजून चालू आहेत. रोज साडेपाचला — तिकडे संध्याकाळचे सात — मी इथे बसतो, आणि पोरांना माझ्यामागे घड्याळ दिसतं, दुपारचा एक. हा दिवा आहे ना, तो दुपारच्या उन्हासाठी. ऑक्टोबर संपता संपता लिस्बनला घड्याळ तासभर मागे करतात, तोही पाळतो मी. इतक्या नेमाने तर मी मिस्सालाही जात नाही. खिडकी त्यासाठीच लावलेली असते. एकदा उघडी राहिली आणि मावरंवाली ओरडत गेली नेमकी. पोरं विचारतात, टीचर, ती कोण? म्हटलं, आमच्या लिस्बनला असंच मासे विकतात. विकत असतील. मला काय माहीत. चर्चच्या घंटेचं मात्र बरं आहे, ती दोन्हीकडे चालते.

हस, हस. जॉयसपण हसते. तिला एवढंच माहीत आहे, घड्याळापर्यंतचं. पुढचं नाही माहीत. पुढचं म्हणजे — काही नाही गं. काय पुढचं असणार? ही तुझी फाइल. तुला सांगू, तू दुबईला बघ, तिकडे आपली माणसं आहेत, कशाला व्हिएतनाम नि काय — एमिली टीचर म्हणाली तिथेच बघ? का पण? तिथली पोरं गोड आहेत म्हणून? ती म्हणाली असं? तिला फक्त एकच वर्ग मिळाला होता गं तिथे. वीस मिनिटांचा.

मघाशी मी म्हणालो ना, सेंटरला माणूस नको होता? पाहिजे होता. दोन पाहिजे होते. मीच फोन केला तिला इकडे. म्हटलं, तू ये, तुझ्यासारखी शिकवणारी इथे एक नाही, मी तुला नोकरीला लावतो. मनापासून म्हणालो होतो, खोटं नव्हतं त्यात काही. माझं दोन वर्षं बस्तान बसलेलं, रोज तिची कार्डं हातात घ्यायचो, वाटायचं आपण हिचंच खातोय. तिने विचारलं, शाळेचा राजीनामा देऊ? विचार करून सांग. मी विचार नाही केला, दे म्हणालो. आणि तिकिटं झाल्यावर मला आठवलं की मी लिस्बनचा आहे. म्हणजे विसरलो होतो असं नाही. पण एमिलीशी बोलताना मी पापडीचाच असतो ना, तेव्हा ते दुसरं डोक्यातच येत नाही. एअरपोर्टला घ्यायला गेलो, वाटेत सांगू म्हटलं. नाही सांगितलं. उद्या सांगू, परवा सांगू, चार दिवस गेले. काय सांगणार होतो? की बाई, तू मला शिकवलंस आणि मी तुझ्या गावाचं नाव पुसलं? सेंटरला अर्ज मी तिलाच परस्पर टाकायला लावला होता, मॅडमपाशी आमची ओळख काढलीच नव्हती. तिथल्या दाराशी तिने तो फोटो बघितला, म्हणाली, हा कुठला झेंडा लावलाय रे तुझ्यामागे? मी म्हटलं, छापणाऱ्याची चूक. तिला पटलं. माझं सगळंच पटायचं तिला.

तिचा वर्ग तू बघायला हवा होतास. पण तू तर तिचीच विद्यार्थिनी, तुला काय सांगायचं. बारा पोरं पुढे, मागे खुर्च्यांवर त्यांच्या आया, मॅडम दाराजवळ, मी तिच्या बाजूला. रंगाने जरा सावळी म्हणून आया सुरुवातीला आपापसात कुजबुजल्या, आणि दहाव्या मिनिटाला त्याच आया पोरांबरोबर टाळ्या वाजवायला लागल्या. एक पोरगं महिनाभर माझ्या वर्गात तोंड उघडत नव्हतं, ते तिच्या मागेमागे बोलायला लागलं. मला अभिमान वाटला, देवाशपथ. आणि थोडं वाईटपण वाटलं, ते कशाला लपवू. वर्ग संपला आणि ती माझ्याकडे वळली, घामेजलेली, डोळे असे चमकत होते तिचे, आणि आमच्या घरच्या बोलीत विचारलं — सगळ्यांसमोर, आपल्या ओट्यावर विचारावं तसं — कॉन्रॅड, बरं झालं का रे?

मॅडमने माझ्याकडे बघितलं. विचारलं, ही तुमच्याशी बोलली? कुठली भाषा? तुम्ही ओळखता हिला?

थांब, पाणी पितो. ...नाही म्हणालो मी. आय डोन्ट नो हर. बायबलातल्या पेत्राने तरी येशूला ओळखत नाही हे शेकोटीपाशी रात्री म्हटलं होतं, जिवाच्या भीतीने म्हटलं होतं. मी भर दुपारी म्हटलं, एसीत उभा राहून. आणि ती — ती दोन पावलांवर होती विनिता, इंग्रजीत विचारलेलं आणि इंग्रजीत सांगितलेलं, तिला कळणार नाही असं त्यात काय होतं? तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग दारातून जिन्याकडे बघितलं, जिथे तो फोटो होता खाली. सगळं आलं तिच्या लक्षात. तेव्हा तिने एक शब्द काढला असता ना, एक — हा माझ्या शेजारचा, आमच्याच चर्चचा — तर मी संध्याकाळपर्यंत रस्त्यावर आलो असतो. आणि कुणी तिला नाव ठेवलं नसतं. ती मॅडमला म्हणाली, सॉरी हं, मला हे कुणी ओळखीचे वाटले. चेहरा सारखा आहे जरा.

झालं, एवढंच. नाही — एवढंच नाही. बघ, मी इतकी वर्षं स्वतःलाही एवढंच सांगत आलोय, की घाबरलो, तोंडातून गेलं, माणूस घाबरतो. पण नंतर मॅडमने मला बाजूला घेतलं. तिला एमिली पसंत होती. पालकांना काय सांगायचं ते मी बघते म्हणाली, शिकवते उत्तम, फक्त तुम्ही सांगा, तुमच्या कानाला हिचं इंग्रजी कसं वाटतं? तेव्हा मी घाबरलेलो नव्हतो. चांगला विचार करायला वेळ होता मला. ती इथे राहिली तर रोज समोर येणार, रोज ते एक वाक्य तिच्या तोंडाशी असणार, आणि शिवाय तिच्याशेजारी माझा वर्ग कोण बघणार? मी म्हणालो, टू इंडियन. उच्चार फार जड आहेत, पोरांना चुकीची सवय लागेल. जिने मला उच्चार शिकवले तिचे उच्चार. खाल्ल्या घरचे वासे मोजतात म्हणतात ना, मी तर वासे काढूनच नेले.

तिच्या परतीच्या तिकिटाला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी तिच्या लॉजवर गेलो नाही. एवढं मोठं शहर, तरी वाट बदलून बदलून सेंटरला जायचो. ती कुठे जेवली, काय केलं, परमुलखात एकटी बाई — मला नाही माहीत. इथे आली तर शाळेत दुसरी टीचर भरलेली. म्हणून तुझ्या चंदनसारला जाते ट्यूशनला, दोन वाहनं बदलून, या वयात. तू विचारलं नाहीस कधी, एवढी हुशार टीचर तुमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर सतरंजी टाकून का बसते? विचारलंस? आणि काय म्हणाली? हवा मानवली नाही. हां. गावातही तिने तेच सांगितलंय. तिच्या आईलासुद्धा. मी परत आलो तेव्हा म्हातारी मला फाटकात धरून म्हणते, तू होतास म्हणून आमची एमिली सुखरूप आली रे. मी काय केलं असेल? हो म्हणालो, मावशी, होतोच ना मी.

रविवारी मिस्साला ती माझ्यापुढे दोन बाकं असते. शांतीची देवाणघेवाण होते आमच्यात, शेजारच्याला हात जोडायचे, शांती असो म्हणायचं. ती मागे वळते आणि न चुकता मला हात जोडते. एखाद्या रविवारी तिने नसते जोडले तर मला झोप लागली असती. मी जागा बदलून बघितली, पार मागे, खांबाआड. तिथेही शोधते. मी माफी मागितली नाही अजून. कशी मागायची? पत्र लिहायला घेतलं तर पहिलं वाक्य येतं, विथ रेफरन्स टू — सोड.

आणि आता तिने तुला पाठवलंय. धावपळ केली म्हणून. बघू ती जाहिरात पुन्हा, फोनवरची. हो, हीच मॅडम, दुसरी शाखा काढतेय, सेंटरमधल्या जुन्या टीचरने शब्द टाकला तर आधी घेतात, बरोबर लिहिलंय. नऊ वर्षं झाली मला, माझ्याइतकं जुनं कुणी नाही. माझा शब्द पुरे आहे तुला. अडचण एवढीच की शब्द टाकला की ती विचारणार, मिस्टर परेरा, तुम्ही लिस्बनचे, ही मुलगी विरारची, ओळख कुठली? आणि तिथे माझी पंचाईत. चिठ्ठी देऊ शकतो, आपण एका ऑनलाइन कोर्सला होतो वगैरे — नको. पुन्हा तेच नको. पुन्हा एक मुलगी, पुन्हा तेच. तू काय म्हणतेस? तुझी आई रोज दादरला जाते ना नोकरीला? आणि तू नाव कमवून बाहेर पडू बघतेस, आणि तुझं घोडं अडलंय कुणावर, तर माझ्यावर.

ऐक. सांगतो मी तिला. आज. पोरं यायच्या आधी मॅडम रोज पाच मिनिटं येते स्क्रीनवर, आवाज बरा आहे का बघायला. तेव्हाच सांगतो, तुझ्यासमोर. म्हणतो, मॅडम, ही विनिता, आमच्या वसई-विरारची, माझ्या टीचरची विद्यार्थिनी, आणि मी लिस्बन बघितलंसुद्धा नाही. काढून टाकेल, टाकू दे. जॉयसला रात्री सांगेन सगळं, तीही सुटेल. आणि रविवारी मी पुढच्या बाकावर बसेन, तिच्या शेजारी. हलकं वाटतंय बघ, नुसतं बोललो तरी. ये, इकडे ये, माझ्यामागे उभी राहा, ही कार्डं धर हातात, तिने काढलेली आहेत म्हणजे तुझीपण आहेत, मॅडमला दाखवू, ही बोट — अरे, आलीच. पाच-वीसच झालेत, आज लवकर — थांब, केस नीट कर, थांब —

हॅलो मॅडम. येस, गुड इव्हनिंग. येस, व्हेरी क्लिअर. व्हेरी सनी हिअर, येस. — हू? बिहाइंड मी?

...नो, नो, मॅडम. नोबडी. क्लीनिंग. शी कम्स फॉर क्लीनिंग. येस. ओके. फाइव्ह मिनिट्स, ओके.

...गेली. आवाज बंद केलाय मी, कॅमेरापण. बोललीस तरी चालेल आता. बोल ना काहीतरी. शिवी दे. मी सांगणारच होतो गं, तोंडाशी आलं होतं, तू बघितलंस ना, तोंडाशी आलं होतं माझ्या. तू एवढ्या लांब भिंतीपाशी कधी सरकलीस? मी बोलायच्या आधीच सरकलीस? का?

...काय? परत सांग.

हे तिने तुला निघतानाच सांगितलं होतं? "मॅडमचा कॉल आला तर तू बाजूला हो, आणि तो तुला कोणीही म्हणाला तरी मनाला लावून घेऊ नकोस" — असं म्हणाली? आधीच? घरून निघतानाच?

आणि तरी पाठवलं तुला.

फाइल घे तुझी. ती कार्डंपण घे — घे म्हणतो ना. पोरं आली. जा तू आता. आणि तिला — नाही. काही सांगू नकोस. दार ओढून घे.